मुलींचे शिक्षण आणि मधला रस्ता

हरियाणाच्या रेवाडी जिल्ह्यात गोठडा टप्पा डहीना नावाचे एक गाव आहे. दिल्लीभोवतीचा जो मुलूख राष्ट्रीय राजधानी प्रदेश या नावाने एका नियोजन मंडळाच्या कक्षेत बांधला गेला आहे, त्यात हा जिल्हाही मोडतो. २०१७ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेस, म्हणजे ज्या दिवसांत त्या प्रांती लू वाहते आणि दुपारी गुरेसुद्धा सावली सोडीत नाहीत अशा दिवसांत, या गावच्या सरकारी शाळेतील मुलींनी उपोषण आरंभिले. त्यांची शाळा दहावीपर्यंतच होती. पुढे शिकावयाचे तर सुमारे तीन किलोमीटरवरील कंवाली या गावी जावे लागे, आणि त्या वाटेवर मोटारसायकलींवरून हिंडणारी टवाळ पोरे त्यांना अडवीत, ओढण्या ओढीत, नको ते बोलत. मुलींची मागणी विलक्षण साधी होती. पोरांना शासन करा, पोलीस चौकी बसवा, असे त्यांचे मुख्य म्हणणे नव्हते. आमच्याच गावची शाळा बारावीपर्यंत वाढवा, म्हणजे त्या वाटेने जाण्याचा प्रसंगच उरणार नाही, एवढेच त्या म्हणत होत्या. काहींची प्रकृती ढासळून त्यांना इस्पितळात न्यावे लागले, तरी तोंडी आश्वासनावर उठण्यास त्या तयार नव्हत्या. लेखी हुकूम हाती आल्यावाचून उपोषण सुटणार नाही, असा त्यांचा हट्ट होता, आणि ज्यांनी सरकारी दफ्तराशी कधी व्यवहार केला आहे त्यांना या हट्टातील शहाणपण सांगावे लागणार नाही. आठवडाभरात शाळेच्या दर्जावाढीचा आदेश निघाला. पाठोपाठ हरियाणातील इतरही काही गावांच्या मुलींनी त्याच मागणीसाठी धरणे धरले.

स्त्रीशिक्षणातील अडथळ्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांपाशी चालते. एका टोकाला घर असते आणि तेथील बापाचे अज्ञान, आईचा भिडस्तपणा, लग्नाची घाई, चुलीचे काम ही कारणे सांगितली जातात. दुसऱ्या टोकाला शाळा असते आणि तेथील पडक्या इमारती, रिकाम्या शिक्षकजागा, नसलेली स्वच्छतागृहे यांची यादी दिली जाते. ही दोन्ही टोके खरी आहेत. परंतु त्यांच्यामधोमध जो रस्ता पसरलेला असतो, त्याचा मालक कोण, त्यावर कोणाची सत्ता चालते आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला त्यावरून रोज दोनदा जाताना काय मोजावे लागते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. आणि दिल्ली व तिच्या आसपासच्या मुलखाकडे पाहिले असता माझे तर असे मत होत चालले आहे की, आज ज्या मुलींचे शिक्षण खुंटते त्यांपैकी पुष्कळांचे ते घरातही खुंटत नाही आणि शाळेतही खुंटत नाही, ते या मधल्या पट्ट्यात खुंटते.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सनातन्यांनी शाळेच्या आत शिरून धुडगूस घातल्याची कथा आपण फारशी ऐकत नाही. आपण ऐकतो ती सावित्रीबाई रस्त्याने जात असता त्यांच्यावर फेकलेल्या शेणमातीची, आणि शाळेत पोहोचल्यावर बदलण्यासाठी बरोबर नेलेल्या दुसऱ्या लुगड्याची. त्याच सुमारास, १८४९ मध्ये, कलकत्त्यास बेथून साहेबाने मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलींना घरून आणण्यासाठी त्याला गाडी ठेवावी लागली, आणि कन्येसही यत्नपूर्वक शिकवावे अशा अर्थाचे संस्कृत वचन त्या गाडीवर रंगवून घ्यावे लागले. शास्त्राधार शाळेच्या दारावर न लावता वाहनावर लावला गेला, यावरून त्या चाणाक्ष गृहस्थाने विरोधाची जागा किती नेमकी ओळखली होती हे दिसून येते.

दिल्लीत हा प्रश्न जरा उशिरा उपस्थित झाला, परंतु त्याचे स्वरूप तेच होते. १९०४ साली जामा मशिदीच्या परिसरातील छिपीवाडा गल्लीत इंद्रप्रस्थ हिंदू कन्या शाळा सुरू झाली. ॲनी बेझंट यांच्या थिऑसॉफिस्ट वर्तुळाची प्रेरणा तिच्यामागे होती आणि लिओनोरा ग्माइनर नावाच्या ऑस्ट्रेलियन बाईंनी तिचा कारभार वाहिला. शाळा वस्तीच्या मध्यभागी, गल्लीच्या तोंडाशी काढण्यात केवळ जागेची सोय नव्हती. पडदानशीन घरांतील मुलींना ओलांडावे लागणारे अंतर शक्य तेवढे कमी व्हावे, हा त्यातील व्यवहारी विचार होता. १९२४ मध्ये याच शाळेतून दिल्लीतील स्त्रियांचे पहिले महाविद्यालय निघाले, आणि १९३८ मध्ये ते अलीपूर रोडवरील, पूर्वी सरसेनापतीचे कार्यालय असलेल्या प्रशस्त इमारतीत गेले. लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाचा मामला वेगळा, पण त्याच जातीचा. १९१६ साली उघडलेल्या या संस्थेत केवळ स्त्रियांना वैद्यक शिकता येई, आणि वसतिगृह, वर्ग, इस्पितळ हे सारे एकाच आवारात असल्यामुळे विद्यार्थिनीला शिक्षणासाठी शहराच्या रस्त्यावर पाऊल टाकण्याचे कारणच पडत नसे. योगायोग असा की त्याच वर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली; आणि त्याच्याही आधी, १९०० साली, पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारून त्यांनी जो आश्रम नेला, तेथे तर मुलींऐवजी संस्थापकच चिखल तुडवीत रोज शहरातून चालत जात असत. रस्त्याचा त्रास कोणी सोसायचा, याचे इतके न्याय्य उत्तर नंतर फारसे कोणी दिले नाही.

दिल्लीच्या उत्तरेस सोनीपत जिल्ह्यात खानपूर कलान येथे भगत फूलसिंह यांनी १९३६ साली जे कन्या गुरुकुल काढले, त्याची हकीकत महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. हे गृहस्थ मूळचे पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठी. आर्यसमाजाच्या प्रभावाखाली आल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि नोकरीत घेतलेली लाच ज्याची त्याला परत केली, असे त्या मुलखात आजही सांगतात. महसूल खात्याच्या इतिहासात या प्रकारास जोड सापडणे कठीण. जाटबहुल ग्रामीण भागात मुलींना शिकवावयाचे तर त्यांना घरापासून दूर ठेवूनच शिकवता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९४२ मध्ये त्यांची हत्या झाली, परंतु संस्था टिकली, वाढली, आणि २००६ साली तिच्याच भूमीवर त्यांच्या नावाचे राज्य महिला विद्यापीठ स्थापन झाले. गुरुकुल, वसतिगृह, तटबंद महाविद्यालय या सर्व उपायांनी हजारो मुली शिकल्या, हे निर्विवाद आहे. मात्र या उपायांचे एक वैगुण्यही ध्यानात घेतले पाहिजे: त्यांनी मुलीला रस्त्यावरून उचलले, रस्ता होता तसाच ठेवला.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने हा प्रश्न अंतराच्या भाषेत मांडला, आणि ते योग्यच झाले. २०१० च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. माध्यमिक शाळेसाठी पुढे पाच किलोमीटरचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयापुरते आहे. म्हणजे ज्या वयात मुलगी न्हाती-धुती होते, ज्या वयात गावाची नजर तिच्यावर खिळते आणि घरची माणसे तिच्या येण्याजाण्याची वेळ मोजू लागतात, नेमक्या त्याच वयात सरकारी हमी संपते आणि शाळा दूर जाते. नकाशावर एक किलोमीटर हा मुलालाही एक किलोमीटरच असतो व मुलीलाही. परंतु नकाशा काढणाऱ्या कारकुनाला उसाच्या व बाजरीच्या उंच पिकांमधून जाणारी सुनी पायवाट दिसत नाही, दारूच्या दुकानासमोरचा थांबा दिसत नाही, आणि संध्याकाळी पाच वाजता अंधारून येणारा जानेवारी महिनाही दिसत नाही.

खुद्द दिल्ली शहरात अंतर कमी आहे, पण रस्ता सोपा नाही. जागेच्या टंचाईमुळे तेथील अनेक सरकारी शाळा एकाच इमारतीत दोन पाळ्यांनी भरतात: सकाळी मुलींची, दुपारी मुलांची. पौषातल्या धुक्यात, पलीकडचा दिवा दिसत नाही अशा वेळी, सातच्या आत मुलींनी फाटकाच्या आत असावे लागते. आणि साडेबाराच्या सुमारास त्या बाहेर पडतात तेव्हा दुपारच्या शाळेची मुले, आणि त्या शाळेशी काहीही संबंध नसलेली आणखी काही मुले, त्याच फाटकाशी गोळा झालेली असतात. तो पाऊण तास ज्याने पाहिला आहे त्याला कळते की, पुष्कळ मुली घोळक्यानेच का निघतात, गोलगप्प्याच्या गाडीपाशी का थांबत नाहीत, आणि धाकटा भाऊ न्यायला आला तर मोठ्या बहिणीच्या चेहऱ्यावर सुटकेबरोबर किंचित लाजही का दिसते. याशिवाय झोपडवस्त्यांचे स्थलांतर ही दिल्लीची खास व्याधी आहे. २००४ साली यमुना पुश्त्यावरील वस्त्या उठवून कुटुंबांना शहराच्या वायव्य सीमेवर बवाना येथे नेण्यात आले. घरांचे भूखंड आधी मिळाले, शाळांची व्यवस्था मागाहून, आणि अशा संक्रमणकाळात जुन्या शाळेपर्यंत तीस किलोमीटरचा बसप्रवास करण्याची परवानगी घरातील कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

तरीही सर्व दोष रस्त्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल, आणि त्याची साक्ष दिल्लीच्या दक्षिणेस सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असलेला मेवात, म्हणजे आताचा नूंह जिल्हा देतो. २०११ च्या जनगणनेत दिल्लीतील स्त्रियांची साक्षरता सुमारे ८१ टक्के होती. त्याच राजधानी प्रदेशात मोडणाऱ्या मेवातात ती ३७ टक्क्यांच्याही किंचित खाली, आणि तेथील पुरुषांची ७० टक्क्यांच्या आसपास. येथील मेव समाजावर धर्मवेडाचा ठपका ठेवून मोकळे होणे दिल्लीच्या सुशिक्षितांस फार सोयीचे वाटते. परंतु ज्या भागातील बरेचसे भूजल खारे आहे तेथे गोडे पाणी कोणी आणायचे, घरचा कर्ता पुरुष ट्रकवर महिनोन्महिने परमुलखात असताना गुरांचा चारा कोणी कापायचा, आणि पाठच्या भावंडांना कोणी सांभाळायचे, या प्रश्नांचे उत्तर प्रत्येक घरात थोरली मुलगी हेच असते. त्यात शिक्षकांची गोष्ट. या जिल्ह्यात नेमणूक झालेला शिक्षक हजर झाल्या दिवसापासून बदलीची दरखास्त लिहू लागतो, ही तक्रार इतकी जुनी आहे की शेवटी हरियाणा सरकारला मेवातसाठी शिक्षकांचा स्वतंत्र संवर्गच निर्माण करावा लागला. शिक्षिका तर त्याहून दुर्मीळ. आणि जेथे शिकविणारी बाई नाही तेथे वयात आलेल्या मुलीला पाठविण्यास बाप कचरतो, मुली शिकल्या नाहीत म्हणून गावातून शिक्षिका तयार होत नाही, आणि बाहेरून येणारी टिकत नाही. २००४ पासून निघालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांनी, जेथे मुली राहून शिकतात, हे वर्तुळ काही ठिकाणी छेदले आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे, दिल्ली विद्यापीठाकडे वळू. येथे तर अडाणी बाप नाही, खारे पाणी नाही. देशभरातून निवडून आलेल्या, उत्तम गुण मिळविलेल्या मुली येथे असतात. अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातील मुलींचे नोंदणीप्रमाण २८.५ टक्के, मुलांचे २८.३ टक्के, म्हणजे मुली किंचित पुढेच. मग अडथळा उरला कोठे? गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने दिल्ली विद्यापीठाच्या सुमारे चार हजार विद्यार्थ्यांची पाहणी करून, त्यांचे घर, त्यांना प्रवेश मिळू शकेल अशी महाविद्यालये आणि त्यांच्यामधले मार्ग यांचा ताळा मांडला, तेव्हा जे निष्पन्न झाले ते मनन करण्याजोगे आहे. जाण्यायेण्याचा मार्ग अधिक सुरक्षित वाटत असेल, तर अव्वल पंचमांशातील महाविद्यालय सोडून गुणवत्तेने खालच्या अर्ध्यात मोडणारे महाविद्यालय पत्करण्यास विद्यार्थिनी राजी होत्या; आणि सुरक्षित प्रवासासाठी मुलांपेक्षा वर्षाकाठी सतरा-अठरा हजार रुपये अधिक खर्च करण्याची त्यांची तयारी होती. मुलांच्या निवडीत मार्गाच्या सुरक्षिततेला असे वजन नव्हते. प्रवेशाच्या आकड्यांत ही मुलगी शिकलेलीच दिसते. तिने कोणते महाविद्यालय सोडले याची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते. स्त्रीशिक्षणाचा अडथळा म्हटला की शाळा सोडलेली मुलगी डोळ्यांपुढे येते. हा अडथळा असा आहे की तो पार करणारीलाही पुढे पगाराच्या रूपाने हप्त्याहप्त्याने त्याचे मोल भरावे लागते.

विद्यापीठाच्या व्यवस्थेतच या भीतीला एक जुनी वाट काढून दिलेली आहे. १९४३ सालापासून तेथे स्त्रियांसाठी एक बिगरमहाविद्यालयीन शिक्षण मंडळ चालते; दिल्लीची रहिवासी असलेली स्त्री त्यात नाव नोंदवून शनिवारी किंवा रविवारी वर्गांना बसते आणि पदवी घेते. आठवड्याचे सहा दिवस घरी, एक दिवस शिक्षण! या मंडळाने किती संसारी व नोकरदार बायकांना पदवीधर केले हे आठवले म्हणजे त्याला नावे ठेवण्यास जीभ उचलत नाही. पण तरण्याताठ्या, कोणतीही जबाबदारी नसलेल्या मुलीलाही जेव्हा घरचे लोक रोजच्या महाविद्यालयाऐवजी या रविवारच्या वर्गात घालतात, तेव्हा सोय म्हणून काढलेली वाट आडवाट होते. वसतिगृहांची कथाही अशीच. संध्याकाळी ठरावीक वेळेच्या आत मुलींनी परत यावे, मुलांना मात्र तसा निर्बंध नाही, हा शिरस्ता वर्षानुवर्षे चालला; २०१५ साली दिल्लीतील विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने त्याविरुद्ध आवाज उठविला, कारण ग्रंथालय रात्री उघडे असून उपयोग काय, जर फाटक संध्याकाळीच बंद होत असेल? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ मध्ये जारी झालेल्या नियमांत सुरक्षिततेच्या निमित्ताने विद्यार्थिनींवर भेदभावाची बंधने लादू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. नियम कागदावर आले. आणि पालकच कडक फाटकाचे वसतिगृह शोधीत येतात ही अधिकाऱ्यांची सबब अजून कायम आहे, व ती सर्वस्वी खोटी आहे असेही म्हणवत नाही.

उपायांच्या बाबतीत सरकारे उदासीन राहिली असे नाही, पण त्यांचा कल बक्षिसांकडे अधिक राहिला. हरियाणाने १९९४ मध्ये ‘अपनी बेटी अपना धन’ ही योजना काढली: मुलगी जन्मताच तिच्या नावे २,५०० रुपयांचे रोखे, आणि ती अठरा वर्षांची होईतो अविवाहित राहिली तर सुमारे २५,००० रुपये हाती. हेतू स्तुत्य होता. मुली शाळेत थोड्या अधिक टिकल्याही. मात्र ती रक्कम मिळताच तिचे काय करावयाचे, याबद्दल पुष्कळ घरांत मुळीच संदेह नव्हता. ती लग्नासाठीच आलेली आहे, असे धरून चालत. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ मोहिमेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतास झाला. मराठी माणूस ते नाव ऐकताच १७६१ सालात जाऊन बसतो, परंतु हरियाणाला त्या दिवशी अधिक जवळची लढाई लढावयाची होती, कारण २०११ च्या जनगणनेत तेथे सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८३४ च होत्या. पुढे संसदेच्या समितीने हिशेब तपासला, तेव्हा २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या ४४६ कोटींपैकी जवळजवळ ७९ टक्के रक्कम प्रसिद्धीवर खर्ची पडल्याचे आढळले. भिंती रंगल्या खऱ्या.

याउलट ज्या उपायांनी थेट रस्त्याला हात घातला, त्यांचा गुण लवकर आला. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे दिसले. शाळा जितकी दूर तितका परिणाम अधिक. महाराष्ट्रात एस.टी.च्या अहिल्याबाई होळकर मोफत पासाने आणि मानव विकास कार्यक्रमाच्या खास बसगाड्यांनी जे काम केले, ते भाषणांनी झाले नसते. दिल्लीत मेट्रोचा पहिला डबा २ ऑक्टोबर २०१० पासून स्त्रियांसाठी राखला गेला, आणि २०१९ च्या भाऊबीजेपासून शहरी बसगाड्यांत स्त्रियांना गुलाबी तिकीट मिळू लागले. ते तिकीट म्हणजे वाहकाने फाडून दिलेला कागदाचा चिटोरा. पण ज्या मुलीला भाड्याचे वीस रुपये मागताना रोज कारण सांगावे लागत असे, तिची ती जबानी त्या चिटोऱ्याने संपविली. या योजनेवर फुकटेगिरीचा आरोप करणाऱ्यांमध्ये मी जे पाहिले ते बहुतेक स्वतःच्या मोटारीतून हिंडणारे पुरुष होते.

एवढे होऊनही शाळेची दर्जावाढ म्हणजे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. दिल्लीतील सरकारी उच्च माध्यमिक शाळांपैकी विज्ञान शाखा असलेल्या शाळा थोड्याच. बाकीच्यांत बारावीपर्यंत वर्ग आहेत, पण ते कला शाखेचे, फार तर वाणिज्याचे. घरापासून चार पावलांवर बारावीपर्यंतची कन्या शाळा असूनही जिला भौतिकशास्त्र व गणित घ्यावयाचे आहे तिला दुसऱ्या वस्तीतील शाळा धरावी लागते, आणि तेथपर्यंतची बस कोणती, किती वाजता, उतरल्यावर किती चालावे लागते, ही सारी चौकशी घरात नव्याने सुरू होते. तिचा भाऊ दहावी झाल्यावर सायकल काढतो आणि जातो. ती मात्र अनेकदा जवळच्या शाळेत राज्यशास्त्र व गृहविज्ञान घेऊन बसते, आणि मुलींचा ओढा विज्ञानाकडे नाही असे त्यावरून अनुमान काढणारे तज्ज्ञ आपल्याला वर्तमानपत्रांतून अधूनमधून भेटत असतात.